मुदतीआधी मोडलेली ठेव

अंबरनाथच्या शाखेत मी अधिकारी होतो. मुदतीआधी ठेव मोडणाऱ्यांपैकी लग्न, घर ही कारणे लोक मोठ्याने सांगत. ‘दवाखाना’ मात्र खाली मान घालून. आजारपण हा जणू गुन्हाच!

पैसे नाहीत म्हणून कुणी उपचारांवाचून राहू नये, असे भोर समितीने १९४६ साली सांगितले. २०२३ मध्ये राज्याने महात्मा फुले योजना पाच लाखांपर्यंत सर्व कुटुंबांना देण्याचे ठरवले. मग संकट कुठे, असे विचारणाऱ्यांनी बदलापूरहून रात्री उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयाकडे निघालेल्या रिक्षात बसून पाहावे. शिवाय योजना मुख्यतः भरती होणाऱ्यांसाठी. मधुमेहाच्या गोळ्या दुकानातून, रोखीने.

एका आजोबांचे व्याज मी नियमाने कापले. पासबुक त्यांनी परत मागितले. ‘ही बरी झाली की पुन्हा ठेवीन, साहेब.’