हट्ट कमी झाला, पण कशामुळे?

महाराष्ट्रातल्या अंगणवाड्यांत ‘आरंभ’ उपक्रमाखाली ‘पालक मेळावे’ भरतात. या उपक्रमाला युनिसेफ आणि सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेची साथ आहे. घरातल्या वाट्या-चमच्यांनी बाळाशी कसं खेळावं, काय बोलावं, हे आई-बाबांना तिथे करून दाखवतात. पैसा जनतेचा, तेव्हा फळ मोजायलाच हवं.

समजा, हुबळीच्या देशपांडे नगरात असा वर्ग निघाला. सहा महिन्यांनी आया म्हणाल्या, “पोरगा आता हट्ट कमी करतो.” पण पोरगा तेवढ्यात सहा महिन्यांनी मोठाही झालाय! वयाबरोबर आदळआपट बरीचशी आपसूकच ओसरते. वर्गाला मुळात हौशी पालकच येतात. शिवाय मेहनत घेतलेल्या आईला फरक जरा जास्तच दिसतो.

म्हणून कुणाला वर्ग मिळेल आणि कुणाला नाही, याचे गट चिठ्ठ्या टाकून पाडतात. जमैकातल्या किंग्स्टनमध्ये 1986-87 साली वाढ खुंटलेल्या 129 मुलांचे असेच गट केले गेले. काही घरांत आरोग्यसेविका दोन वर्षं दर आठवड्याला तासभर जाऊन आईला बाळाशी खेळायला शिकवत. बाकीच्या घरांत तशा भेटी नव्हत्या.

वीस वर्षांनी पाहिलं, तर भेटी मिळालेली मुलं मारामाऱ्यांत कमी सापडली. त्यांची कमाई सुमारे 25 टक्के जास्त होती.

अर्थात, संशोधकांच्या नजरेखाली साधलेलं हजारो अंगणवाड्यांत साधेलच असं नाही. कामाच्या ओझ्याखाली सेविकेच्या भेटी आखूड होतात. त्यामुळे भेटी खरोखर किती झाल्या, याचीही नोंद मूल्यमापनात धरावी लागते.