मधपेटीतील छद्मविंचू : शत्रू की मित्र?

चाकण ही कांद्याची जुनी बाजारपेठ होय. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत आज कारखाने उभे असले, तरी खेड तालुक्यातील शेतकऱ्यास कांद्याचे महत्त्व आहेच. कांद्याचे बी धरण्यासाठी परपरागीभवन व्हावे लागते व ते काम मुख्यतः मधमाश्या करतात. म्हणून बियाण्यासाठी राखलेल्या डेंगळ्यांजवळ सातेरी मधमाश्यांची पेटी ठेवणे हितावह असते.

अशी पेटी तपासताना तळपाटावर किंवा फटीत विंचवासारखा एक बारीक प्राणी कधीकधी आढळतो. त्यास विंचू समजून पेटीत कीटकनाशक मारल्यास मधमाश्यांची सबंध वसाहत नष्ट होते. यास्तव त्याची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

ओळख : हा छद्मविंचू होय. विंचू, कोळी व गोचीड यांच्याप्रमाणे तो अष्टपाद वर्गात मोडतो. परंतु त्याचा गण निराळा आहे. तो काही मिलिमीटर लांबीचाच असतो. त्यास विंचवासारखे दोन चिमटे असतात. मात्र शेपटी नसते व नांगीही नसते. त्याचे विष चिमट्यांच्या बोटांत असते. ते सूक्ष्म भक्ष्यापुरतेच असून मनुष्यास त्यापासून अपाय नाही.

वर्गीकरण : घरात आढळणाऱ्या छद्मविंचवास लिनीयस याने १७५८ साली चक्क गोचिडांच्या प्रजातीत घातले होते. १७६२ साली जॉफ्रॉय याने त्यासाठी केलिफर ही स्वतंत्र प्रजाती केली. पुढे अनेक जाती याच प्रजातीत घालण्यात आल्या. १९०३ साली वर्णिलेली आफ्रिकेतील एक जातीही त्यांत होती. अमेरिकन शास्त्रज्ञ चेंबरलिन याने १९३२ साली तिच्यासाठी केलिफेरिडी कुलात एलिंगसेनियस ही नवी प्रजाती स्थापिली. नॉर्वेतील अभ्यासक एलिंगसेन याच्या नावावरून हे नाव दिलेले आहे. आपल्याकडील जातीस त्याने त्याच वर्षी एलिंगसेनियस इंडिकस असे नाव दिले.

उपयोग : प्रजाती कळली म्हणजे प्राण्याच्या सवयींचा अंदाज येतो. एलिंगसेनियसचे छद्मविंचू मधमाश्यांच्या सहवासात राहतात व माशीच्या पायास धरून दुसऱ्या ठिकाणी जातात. ते मधाचे चोर नसून बारीक जीवांचे शिकारी आहेत. हिमालयातील सातेरी मधमाश्यांबरोबर राहणाऱ्या इंडिकस जातीच्या शिकारी वर्तनाचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला आहे. मधमाश्यांस उपद्रव देणाऱ्या व्हरोवा कोळ्यांच्या नियंत्रणास छद्मविंचू साहाय्य करू शकतील काय, याकडे शास्त्रज्ञांचे लक्ष आहे. तथापि केवळ त्यांच्यावर विसंबून पेटीची निगा टाळू नये.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी शेतकऱ्यांस समजावून द्याव्यात :

१. प्राणी भिंगाखाली पाहावा. शेपटी नसल्यास त्यास मारू नये.

२. पेटीत कीटकनाशक कदापि मारू नये.

३. तळपाट झाडताना छद्मविंचू कुंचल्याने अलगद उचलून पेटीतच सोडावा. मेणपतंगाच्या अळ्या मात्र काढून नष्ट कराव्यात.

४. ओळख न पटल्यास एक नमुना मद्यार्काच्या कुपीत घालून, गाव व तारीख लिहून, पुणे येथील केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचा सल्ला घ्यावा. ही संस्था १९६२ साली स्थापन झालेली आहे.

पेटीतील प्रत्येक परका जीव शत्रू नसतो. आधी ओळख व मग उपाय, हा क्रम पाळल्यास मधमाश्या वाचतील व कांद्याचे बीही भरघोस धरेल.