शरीरसौष्ठव आणि घरचें ताट

नागपुरांतील जुन्या वस्त्यांत, महाल असो कीं धंतोली, एकत्र कुटुंबाच्या स्वयंपाकघरांत हल्लीं एक नवाच तंटा उद्भवूं लागला आहे. घरांतला विशी-बाविशीचा मुलगा व्यायामशाळेंत जाऊं लागतो. पहिले दोन महिने सर्वांना त्याचें कौतुक वाटतें. मग एके दिवशीं तो पंगतींतून उठतो, आपलें अन्न तराजूवर तोलून डब्यांत भरतो, वरणावरचें तूप नाकारतो आणि चतुर्थीच्या मोदकाकडे पाहतही नाहीं. आजीला तो आपल्या हाताचा अपमान वाटतो. वहिनींना रोज एक पातेलें अधिक चढवावें लागतें. मुलाला वाटतें कीं आपल्या परिश्रमांची घरांत कोणालाच किंमत नाहीं. दोन्ही पक्ष प्रामाणिक आहेत, म्हणूनच हा तंटा लवकर मिटत नाहीं. तेव्हां शरीर कमावणाऱ्याला रोजच्या आयुष्यांत पथ्य तरी किती कडक पाहिजे, याचा थोडा विचार करूं.

व्यायामाचें वेड विदर्भाला नवें नाहीं. अमरावतीस वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला आणि १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळीं मंडळाच्या पथकानें तेथें आपले देशी खेळ करून दाखविले. आखाड्याचा पारंपरिक खुराक म्हणजे दूध, तूप, बदामाची थंडाई आणि भिजविलेले हरभरे. परंतु हजारों जोर-बैठका काढून वर तासन् तास कुस्ती खेळणाऱ्याचा जठराग्नि निराळा. आजचा तरुण तासभर वजनें उचलतो आणि उरलेला दिवस कचेरींत खुर्चीवर काढतो. त्यानें पहिलवानाचें तूप प्यावयाचें ठरविलें तर तें दंडांत न जातां पोटावरच बसेल.

स्नायूंना मुख्यतः हवीं असतात तीं प्रथिनें. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२० सालीं सामान्य प्रौढ माणसासाठीं वजनाच्या दर किलोमागें दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिनें सुचविलीं आहेत. वजनें उचलणाऱ्यास अधिक लागतात; पण तीं किती, याचेंही माप आहे. २०१८ सालीं ४९ प्रयोगांचा एकत्र आढावा घेण्यांत आला, त्यांत सुमारें १.६ ग्रॅमच्या पुढें गेल्यानें स्नायूंची वाढ अधिक होते असें आढळलें नाहीं. सत्तर किलोच्या तरुणास म्हणजे दिवसाकाठीं सुमारें ११२ ग्रॅम.

हा आंकडा ऐकून घरांत भीति पसरते आणि भुकटीचा डबा येतो. कांहीं घरीं कपाटामागें लपवून अंडींही येतात. वास्तविक हिशेब साधा आहे. अर्धा लिटर दूध सोळा ग्रॅम देतें, शंभर ग्रॅम कोरडी डाळ बावीस, अडीचशें ग्रॅम कणकेच्या पोळ्या सत्तावीस, शंभर ग्रॅम पनीर अठरा, पन्नास ग्रॅम मटकीची उसळ दहाबारा, मूठभर शेंगदाणे दहा आणि वाटीभर दही सहा. बेरीज ११० च्या आसपास जाते, आणि यांतला एकही जिन्नस सोंवळ्याच्या स्वयंपाकघरास परका नाहीं. धान्यांत जें अमिनो आम्ल कमी पडतें तें डाळींत भरपूर असतें आणि डाळींतली उणीव धान्य भरून काढतें. वरणभात किंवा वरणपोळी ही जोडी म्हणून निव्वळ संवय नव्हे.

मग चुकतें कोठें? चुकतें वरणांत. आमच्या बहुतेक घरीं वरण इतकें पातळ असतें कीं वाटीच्या तळाशीं वीस ग्रॅम डाळही सांपडत नाहीं, आणि ताट भरतें भात-पोळीनें. मुलाची तक्रार येथें अगदीं रास्त आहे, वडीलधाऱ्यांनीं ती मान्य करावी. त्यांतून वऱ्हाडी-नागपुरी पाककृति तर डाळीच्या बाबतींत भाग्यवान. गोळाभातांतले गोळे भरड वाटलेल्या डाळीचे, पाटवडी बेसनाची. पाटवडीच्या रश्श्यावर बोटभर तर्री तरंगते तेवढी मात्र कमी करावी. एकादशीच्या साबुदाण्यांत प्रथिनें जवळजवळ नसतात. त्या दिवशीं भगरीबरोबर शेंगदाण्याची आमटी आणि दही घेतलें म्हणजे उपवासही राहतो आणि व्यायामही.

खरें कडक पथ्य लागतें तें स्पर्धेच्या व्यासपीठावर उभें राहणाऱ्यास, आणि तेंही कांहीं आठवड्यांपुरतें. त्याची किंमत काय पडते तें २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत दिसतें. औषधें न घेणाऱ्या एका स्पर्धकाची बारा महिने तपासणी केली गेली. स्पर्धेपर्यंत त्याची चरबी १४.८ टक्क्यांवरून ४.५ टक्क्यांवर आली. पण नाडी मिनिटाला ५३ वरून २७ वर गेली, पौरुषाचें संप्रेरक टेस्टोस्टेरोन चौथाईवर आलें, आणि गेलेली ताकद सहा महिन्यांनींही पूर्ण परत आली नाहीं. छायाचित्रांत जें शरीर सर्वांत देखणें दिसतें तें त्या क्षणीं सर्वांत अशक्त असूं शकतें, हें आमच्या मुलांना कोणी सांगत नाहीं. स्पर्धेपूर्वीं पाणी तोडण्याची जी चाल आहे, ती तर नागपुरच्या वैशाखांत, पारा पंचेचाळिसावर असतां, जीवावरच बेतावयाची. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यानें जादा प्रथिनांपूर्वीं डॉक्टरांस विचारलेंच पाहिजे.

बंगालचे मनोहर ऐच १९५२ सालीं आपल्या उंचीच्या गटांत ‘मिस्टर युनिव्हर्स’ झाले. उंची पुरी पांच फूटही नव्हती. त्यांचा आहार म्हणजे भात, डाळ, भाजी, मासे, दूध, फळें. पाण्यांत भिजविलेला शिळा भात, ज्याला बंगालींत पांता भात म्हणतात, त्याचें माहात्म्य ते आवडीनें सांगत. २०१६ सालीं ते वारले तेव्हां वय होतें १०४. एका माणसावरून नियम बांधतां येत नाहीं हें खरें. पण गरिबाच्या ताटावरही अशी देहयष्टि घडूं शकली, एवढें त्यावरून कळतें.

घरच्या तरुणानें तराजू वापरावयाचाच तर पंधरा दिवस वापरावा. तेवढ्यांत डोळ्यांना माप कळतें. पुढें तो माळ्यावर ठेवावा. मोदक महिन्यांतून कितीदां होतात? चतुर्थीचे दोन मोदक खाल्ल्यानें महिन्याचा व्यायाम वायां जात नाहीं. आजींनीं तुपाचा आग्रह एका चमच्यावर थांबवावा, आणि वहिनींनीं वेगळें पातेलें न चढवितां सर्वांच्याच वरणांत दोन मुठी डाळ अधिक टाकावी. घरांतल्या म्हाताऱ्यांनाही तिची गरज असते. उतारवयांत स्नायु झपाट्यानें झिजतात आणि त्यांच्या वाटींतलें वरण तर सर्वांत पातळ असतें.