दुपारनंतरचा भाव

मेथीच्या जुडीला एकाच दिवसात तीन भाव असतात. पहाटे हर्रासात पुकारलेला एक, सकाळी बोहनीच्या वेळचा दुसरा आणि ऊन कलल्यावर, पाला मान टाकायला लागला की तिसरा. चौथाही असतो, पण तो पैशांत मोजत नाहीत. दिवे लागल्यावर उरलेल्या दोन जुड्या शेजारणीला द्यायच्या आणि तिच्याकडून मूठभर मिरच्या घेऊन घरी जायचं. यवतमाळचा भाजी बाजार असो की पुसद-वणीचा, भाजी विकणं म्हणजे ही भावांची उतरंड अंधार पडेपर्यंत सांभाळणं. फोनवरून भाजी मागवायची सोय करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी या उतरंडीकडे बघितलंच नाही. त्यांनी भाजीला एक भाव लावला, एक वजन ठरवलं, एक फोटो चिकटवला आणि भाजीवालीला गोष्टीतून वजा केलं.

म्हणून आधी या बाजाराचं काम कसं चालतं ते पाहू. ठोक बाजारात पहाटे माल उतरतो, ढिगाभोवती माणसं जमतात, बोली लागते, कट्टे आणि कॅरेट हातोहात फिरतात. चिल्लर विकणारी बाई माल उचलते तेव्हा पुरते पैसे तिच्या कमरेला असतीलच असं नाही. अडत्याच्या वहीत नाव लिहिलं जातं आणि फेड संध्याकाळी किंवा दुसऱ्या पहाटे, नवा माल उचलण्याआधी. तिचं भांडवल असं एका दिवसाचं असतं. आज पाऊस आला, गिऱ्हाईक फिरकलं नाही, तर उद्याच्या मालाला कात्री लागते.

मग निवड. एका कॅरेटचे ती तीन ढीग करते. कडक टमाटे दोन दिवस टिकणारे, लाल टमाटे आजच्या भाजीचे, फुटके चटणीचे आणि अर्ध्या भावाचे. पहिला ढीग हॉटेलवाला नेतो, दुसरा नोकरदार घरातली बाई, तिसरा ज्याच्या खिशात त्या दिवशी कमी आहे तो. माल फेकावा लागत नाही आणि कुणी रिकाम्या थैलीनं परतत नाही. पॉलिथिनच्या पाकिटात सील होऊन येणारी मेथी मला कायम दवाखान्यातून सुटी मिळालेल्या पेशंटसारखी वाटते, पण तो माझा दुराग्रह समजा. मुद्दा असा की पाकिटाला तिसरा ढीग ठाऊक नसतो. एका फोटोत न बसणारा माल तिथे नापासच होतो.

शिवाय ती गिऱ्हाइकाला नाही म्हणते. ‘वांगे आज बरे नाहीत जी, तुरीच्या शेंगा घ्या’ असं सांगून आपल्याच ढिगाची विक्री थांबवणारी दुकानदारी दुसरीकडे क्वचितच सापडेल. उद्या तेच गिऱ्हाईक परत यायला हवं, एवढा साधा हिशेब त्यामागे असतो. वरून टाकलेला सांभार, म्हणजे कोथिंबीर, हाही त्याच हिशेबाचा भाग.

यवतमाळ जिल्ह्यात सोळा तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे २७ लाख ७२ हजार, त्यातला पाचव्या हिश्शाहून थोडाच जास्त भाग शहरांत. बाकीच्यांचा बाजार म्हणजे आठवडी बाजार. विकणारेही फिरते, आज या गावी, उद्या त्या गावी. नगर परिषद किंवा ग्रामपंचायत जागेची वसुली लिलावानं ठेक्याला देते, ठेकेदाराचा माणूस पावती फाडत फिरतो. कापसाच्या या जिल्ह्यात बाजाराची भरतीही कापसावर. वेचणी सुरू झाली, हाती मजुरी आली की थैल्या जड होतात. उन्हाळ्यात उधारीची वही जड होते.

आणि मालाची यादी कुठल्याही कॅटलॉगपेक्षा लांब. पावसाळ्यात तरोटा आणि कटुले, थंडीत तुरीच्या शेंगा, ओला हरभरा, बोरं, उन्हाळ्यात मोहफुलं आणि चारोळी. पांढरकवडा, झरी जामणी, मारेगावच्या बाजूला जंगल जवळ, कोलाम आणि गोंड वस्त्या जवळ. तिथून येणाऱ्या मालाला बारकोड नाही, वर्षभराचा पुरवठा नाही, काही गोष्टींना तर काटाही लागत नाही, त्या वाट्यावर विकल्या जातात. पंधरा दिवसांची कटुल्यांची धांदल ॲपच्या ‘कॅटेगरी’त येईपर्यंत हंगाम उलटून गेलेला असतो.

सरकारी धोरणात मात्र ही बाई बराच काळ ‘मधला माणूस’ म्हणून गणली गेली. २०१६ च्या जुलैत महाराष्ट्रानं फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला. त्याच वर्षी संत सावता माळींच्या नावानं शेतकरी आठवडे बाजारांची योजना आली. शेतकऱ्यांचा त्यात फायदा होता आणि तो व्हायलाच हवा. पण ‘शेतातून थेट घरात’ या घोषणेत चिल्लर विक्रेत्याला जागाच नव्हती. अडत्या आणि पाटीवाली एकाच मापानं मोजले गेले. एकाच्या मागे गोदाम असतं, दुसरीच्या मागे ताडपत्री.

तिच्या बाजूनं पहिला भक्कम कायदा २०१४ चा, पथविक्रेत्यांचा. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेते सामावून घ्यावेत असं तो सांगतो. यवतमाळ शहराची २०११ ची लोकसंख्या धरली तर हा आकडा तीन हजारांच्या जवळ जातो. नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे आणि त्यात एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात. पन्नास वर्षांहून जुन्या, परंपरेनं भरत आलेल्या ‘नैसर्गिक’ बाजारांना वारसा बाजार ठरवून तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असंही त्याच्या परिशिष्टात लिहिलेलं आहे. जुन्या आठवडी बाजारांच्या दृष्टीनं हे कलम मोठं आहे, पण त्याचा उच्चार सभांमध्ये फारसा ऐकू येत नाही.

मग करोना आला. २०२० च्या टाळेबंदीत आठवडी बाजार बंद झाले, भाज्या मोकळ्या मैदानांत चौकोन आखून विकल्या गेल्या. २०२१ च्या फेब्रुवारीत यवतमाळ, अमरावती, अकोल्यावर पुन्हा निर्बंध आले. पण या काळात विकणाऱ्यांच्या हाती फोन पक्का बसला. यूपीआय २०१६ पासून होतं. आता क्यूआरचा चौकोन तराजूशेजारी उभा राहिला आणि पैसे आल्याची वर्दी मोठ्यानं देणारी डबी टोपलीत आली. नेहमीची गिऱ्हाइकं फोन करू लागली, पोरगा सायकलवर थैली पोचवून येऊ लागला. ऑनलाइन डिलिव्हरी ती हीच, फक्त तिला कुणी गुंतवणूकदार नव्हता.

टाळेबंदीच्याच साली, २०२० च्या १ जूनला, पीएम स्वनिधी योजना सुरू झाली. सुरुवातीला १० हजारांचं बिनतारण कर्ज, फेडलं की २० हजार, मग ५० हजार. व्याजात सात टक्के सवलत. डिजिटल व्यवहारांवर महिन्याला शंभर रुपयांपर्यंत परतावा. शहराच्या हद्दीत येऊन विकणारे आसपासच्या गावांतले विक्रेतेही त्यात बसत होते. जुलै २०२५ अखेर देशभरात ६८ लाखांहून जास्त विक्रेत्यांना १३ हजार ७९७ कोटींची कर्जं मिळाली होती. पुढच्या महिन्यात केंद्रानं योजना मार्च २०३० पर्यंत वाढवली आणि पहिले दोन हप्ते १५ आणि २५ हजारांचे केले. माझ्या मते या योजनेतला सर्वांत उपयोगी भाग पहिलाच छोटा हप्ता. अडत्याची वही एक दिवस बंद ठेवता आली, तर बोली लावताना बाईचा आवाज बदलतो.

ऑनलाइन विक्रीचा प्रयोगही याच योजनेच्या आडोशानं झाला. ऑक्टोबर २०२० मध्ये गृहनिर्माण मंत्रालयानं स्विगीशी करार केला. अहमदाबाद, चेन्नई, दिल्ली, इंदूर आणि वाराणसीतले २५० विक्रेते निवडून त्यांना अन्नसुरक्षा नोंदणी, फोनचं प्रशिक्षण आणि मेन्यू तयार करून देण्याचं ठरलं. पण ते शिजवलेलं खाणं विकणारे होते. वडापावचा भाव सकाळ-संध्याकाळ एकच असतो, म्हणून तो पडद्यावर चढतो. मेथी अडते. ओएनडीसी हा पुढचा प्रयत्न, एका कंपनीच्या हाती बाजार जाऊ नये म्हणून उभारलेलं खुलं जाळं. डिसेंबर २०२१ मध्ये ना-नफा कंपनी म्हणून त्याची नोंदणी झाली, एप्रिल २०२२ मध्ये पाच शहरांत चाचणी झाली. खरेदीचं ॲप वेगळं, विक्रीचं वेगळं, पोचवणारा तिसराच. कल्पना चांगली आहे. पण विक्रीची बाजू सांभाळणारा कुणी तरी गावात लागतोच, आणि तो आकाशातून पडत नाही.

बाहेर काय झालं? सिंगापूरनं २०२० च्या जूनमध्ये खाद्यगाळे आणि ओल्या बाजारातल्या १८ हजार विक्रेत्यांना डिजिटल पैशाकडे आणायचं ठरवलं. ठरावीक व्यवहार करणाऱ्याला महिन्याला ३०० डॉलर, पाच महिने. तिथे शिकण्याच्या काळाची मजुरी सरकारनं दिली. चीनमध्ये उलट घडलं. मोठ्या कंपन्या पडेल भावात भाजी विकायला उतरल्या, तेव्हा डिसेंबर २०२० मध्ये ‘पीपल्स डेली’नं त्यांना फटकारलं की कोबीच्या चार गड्ड्यांवर डोळा ठेवू नका. मार्च २०२१ मध्ये अशा पाच कंपन्यांना मिळून ६५ लाख युआन दंड झाला. आपल्याकडे बेंगळुरूची निंजाकार्ट २०१५ मध्ये घरोघर किराणा पोचवण्यासाठी निघाली होती. थोड्याच काळात तिनं तो नाद सोडून शेतमाल किरकोळ दुकानदारांना पुरवायला सुरुवात केली.

दहा मिनिटांत पोचवण्याचं गणित तर दाट वस्तीचं आहे. दोन-तीन किलोमीटरच्या घेऱ्यातून दिवसाला शेकड्यांनी ऑर्डर आल्या तरच गोदामाचं भाडं निघतं. यवतमाळला दहा मिनिटांची गरज नाही. दारव्हा रोड, आर्णी रोड, धामणगाव रोडवरच्या वस्त्यांना रोज सकाळी एका ठरलेल्या वेळी भाजी हवी असते.

इथे बसेल अशी व्यवस्था मला अशी दिसते. प्रत्येक बाईला वेगळं दुकान ॲपवर काढायला लावू नये. पूर्ण बाजाराचं मिळून एकच दुकान असावं, बाजारात एक टेबल, एक फोन, एक काटा. रात्री आठपर्यंत मागणी घ्यायची. मग पहाटे हर्रासात उभं राहतानाच बाईला कळेल की आपल्याला किती पालक, किती गवार उचलायची आहे. ऑर्डर हर्रासाच्या आधी आली तर सडणारा माल कमी होतो, हा फायदा मोठ्या शहरातल्या तातडीच्या सेवेत कुणाला मिळत नाही. गिऱ्हाइकानं भाजीचं नाव सांगायचं किंवा नुसतंच ‘दीडशेची भाजी, चार माणसांची’ म्हणायचं आणि निवड बाईवर सोडायची. दुपारी चारला दुसरी यादी निघावी, उतरत्या ढिगांची, उतरत्या भावानं. खाणावळी आणि वसतिगृहं ती आनंदानं घेतील.

पोचवायला एका ऑटोची ठरलेली फेरी पुरे. समजा चाळीस घरं, घरामागे दहा रुपये, म्हणजे फेरीला चारशे. उलट ॲपनं दोनशेच्या भाजीवर वीस टक्के दलाली कापली तर चाळीस रुपये जातात, आणि सडलेला माल वजा केल्यावर बाईच्या हाती मुळात तेवढेच राहत असतील. शिवाय पैसे त्याच दिवशी मिळायला हवेत. दोन-तीन दिवसांनी होणारा हिशेब कंपनीला चालतो. पहाटे वही मिटवायची असलेल्या बाईला चालत नाही.

कागद फार नाहीत. ताज्या भाजीवर जीएसटी नाही, अन्नसुरक्षा नोंदणीची फी छोट्या विक्रेत्याला वर्षाला शंभर रुपयांच्या घरात. अडचण निराळीच असते. अनेकदा क्यूआर नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खात्याचा असतो, डबी ‘पैसे मिळाले’ म्हणून ओरडते आणि जिनं विकलं तिच्या खात्यात काही येत नाही. टेबल मांडण्याआधी पथविक्रेता समितीनं प्रत्येकीच्या नावाचा क्यूआर काढून द्यावा.

तक्रारींचंही आधीच ठरवावं. बाजारात काकडी कडू निघाली तर दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक कुरकुरतं, बाई एक काकडी जास्त टाकते आणि दोघंही विसरतात. ॲपवर त्याच काकडीचा एक तारा कमी होतो, पैसे परस्पर कापले जातात आणि कारण इंग्रजीत कुठे तरी पडून राहतं. यवतमाळच्या टेबलावर मराठीत वही असावी, त्यात तक्रार लिहावी आणि कडू काकडीची भरपाई दुसऱ्या दिवशीच्या थैलीतून काकडीनंच व्हावी.