बॉस्ली क्राउदर : एका वृत्तपत्रीय समीक्षकाचा निकष

दैनिकातले चित्रपट-परीक्षण हा समीक्षेचा सर्वांत घाईचा प्रकार होय, कारण खेळ संपल्यानंतर काही तासांतच मत छापायला द्यावे लागते आणि ते पुढे कितीही अडचणीचे ठरले तरी जुन्या अंकांतून पुसून टाकता येत नाही. ‘न्यू यॉर्क टाइम्स’चे बॉस्ली क्राउदर (१९०५–१९८१) यांनी १९४० ते १९६७ या काळात हे काम केले. ‘पथेर पांचाली’ ज्यांना उमगला नाही आणि ‘बॉनी अँड क्लाइड’ ज्यांना सोसला नाही ते समीक्षक, एवढीच त्यांची ओळख आज उरली आहे. ती खोटी नसली तरी अपुरी आहे, कारण ज्या निकषामुळे ही दोन परीक्षणे फसली, त्याच निकषाने त्यांच्याकडून त्या काळातील सर्वांत धाडसी वृत्तपत्रीय लेखनही करून घेतले होते.

हा निकष नागरी स्वरूपाचा होता. चित्रपट समाजातील माणसाविषयी काय सांगतो, ते स्पष्टपणे सांगतो का आणि त्याने प्रेक्षकाचे हित होते की अहित, हे प्रश्न त्यांच्या लेखी आधीचे असत. रचना, लय, छायाचित्रण यांचा विचार त्यानंतर येई. ऑर्सन वेल्सचा ‘सिटिझन केन’ १९४१ च्या मे महिन्यात प्रदर्शित झाला, तेव्हा वृत्तपत्रसम्राट हर्स्ट यांच्या पत्रांनी त्यावर बहिष्कार घातला होता. क्राउदर यांनी मात्र हॉलिवूडमधील सर्वांत खळबळजनक चित्रपटांत त्याची गणना केली. पण केन हा माणूस नेमका कसा होता आणि तो तसा का वागला याचे स्वच्छ चित्र उभे राहत नाही, ही तक्रारही नोंदवली. पुढच्या पिढ्यांनी जी संदिग्धता त्या चित्रपटाचे वैभव मानली, ती त्यांना उणीव वाटली. महायुद्ध चालू असताना, १९४४ मध्ये आलेल्या हिचकॉकच्या ‘लाइफबोट’वर त्यांचा रोष ओढवला तो तंत्रासाठी नव्हे, तर होडीतील लोकशाहीवादी प्रवाशांपेक्षा नाझी खलाशी अधिक कर्तबगार दाखवला म्हणून.

हीच दृष्टी इटलीकडे वळली तेव्हा तिचे सामर्थ्य दिसले. युद्धोत्तर इटलीत खऱ्याखुऱ्या रस्त्यांवर, पुष्कळदा व्यावसायिक नसलेल्या नटांना घेऊन, सामान्यांच्या हलाखीचे चित्रण करणारा जो प्रवाह निर्माण झाला त्याला नववास्तववाद म्हणतात. रोसेलिनीचा ‘रोम, ओपन सिटी’ आणि डी सिकाचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ या त्यातील प्रमुख कृतींचे क्राउदर यांनी मनःपूर्वक स्वागत केले. परभाषेतील चित्रपट तेव्हा न्यू यॉर्कमध्ये बहुधा एकाच छोट्या चित्रगृहात लागत आणि जाहिरातीवर खर्च करण्याची ऐपत वितरकाजवळ नसे; त्यामुळे ‘टाइम्स’मधील अनुकूल परीक्षण हीच त्यांची जाहिरात ठरे. हॉलिवूडच्या निर्मात्यांनी स्वतःवर लादून घेतलेली नीतिनियमावली, म्हणजे प्रॉडक्शन कोड, राबवणाऱ्या कार्यालयाने ‘बायसिकल थीव्ह्ज’मधील दोन प्रसंग कापण्याचा आग्रह धरला. त्यांपैकी एका प्रसंगात लहानगा ब्रूनो भिंतीकडे तोंड करून लघवीला उभा राहतो, एवढेच घडते. हा आग्रह किती हास्यास्पद आहे हे क्राउदर यांनी जाहीरपणे लिहिले.

रोसेलिनीच्याच ‘द मिरॅकल’ या लघुचित्रपटावरून पुढे मोठा झगडा झाला. एका भोळसर खेडवळ स्त्रीला आपला गर्भ ईश्वरी आहे असे वाटते, हे त्याचे कथानक. कॅथलिक धर्मगुरू कार्डिनल स्पेलमन यांनी त्याचा धिक्कार केला आणि १९५१ मध्ये न्यू यॉर्क राज्याने प्रदर्शनाचा परवाना काढून घेतला. क्राउदर यांनी दैनिकात आणि ‘अटलांटिक मंथली’तही या बंदीविरुद्ध लिहिले. वितरक जोसेफ बर्स्टिन यांनी लढवलेल्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २६ मे १९५२ रोजी चित्रपटाला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण एकमताने दिले आणि चित्रपट हा निव्वळ धंदा आहे हे १९१५ सालचे आपलेच मत मोडीत काढले. (भारतात ख्वाजा अहमद अब्बास यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये पूर्वपरीक्षण वैध ठरवले, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे.)

‘पथेर पांचाली’ने मात्र या निकषाची मर्यादा उघडी केली. न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये १९५५ सालीच दाखवला गेलेला आणि १९५६ मध्ये कान महोत्सवात मानवी दस्तऐवज म्हणून गौरवलेला हा चित्रपट त्या शहरात रीतसर प्रदर्शित झाला तो सप्टेंबर १९५८ मध्ये. इतकी सैल रचना आणि इतकी मंद गती हॉलिवूडच्या संकलकांनी ‘रफ कट’ म्हणूनही, म्हणजे चित्रफितींच्या पहिल्या ढोबळ जुळणीच्या पातळीवरही, जेमतेम चालवून घेतली असती, असा शेरा क्राउदर यांनी मारला. खरे तर दरिद्री कुटुंबातील मायेचे जे करुण चित्र सावकाश आकाराला येते त्याची दखल त्याच परीक्षणात आहे, म्हणजे विषय त्यांच्यापर्यंत पोचला होता. पोचली नाही ती लय. इटालियन चित्रपटांत दारिद्र्याला सायकल हरवल्याची, ती शोधण्याची कथा होती. सत्यजित राय यांच्याकडे पावसाच्या आधी तळ्यावर फिरणारे कीटकही कथेइतकेच महत्त्वाचे होते, आणि अशा निरीक्षणाला अर्थ देण्याची सोय क्राउदर यांच्या निकषात नव्हती. प्रेक्षकांनी परीक्षण बाजूला सारले आणि चित्रपट तेथे अनेक महिने चालला. त्यानंतर आलेल्या ‘अपराजितो’बद्दल लिहिताना क्राउदर यांचा सूर पुष्कळच निवळला, हे त्यांच्या खात्यावर जमा केले पाहिजे.

साठच्या दशकात निकषाची पकड विस्कटू लागली. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ त्यांना उंटांचा लांबलचक तमाशा वाटला आणि सहा महिन्यांनी आलेल्या ‘क्लिओपात्रा’ला त्यांनी थोर भव्यपट म्हटले, या दोन मतांचे समर्थन आज क्वचितच कोणी करील. ‘सायको’विषयी आधी नापसंती दाखवून वर्षअखेरीस त्यांनी तो उत्कृष्ट दहांत घातला. अण्वस्त्रयुद्धाची टर उडवणाऱ्या ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’मधली संरक्षणयंत्रणेची सर्रास हेटाळणी त्यांना अस्वस्थ करून गेली.

ऑगस्ट १९६७ मध्ये ‘बॉनी अँड क्लाइड’ आला, तेव्हा पडद्यावरील वाढत्या हिंसेविरुद्ध क्राउदर यांची मोहीम आधीच सुरू होती. दरोडेखोर जोडप्याचे क्रौर्य हसतखेळत रंगवणारा सवंग विनोदपट, असा त्यांचा निर्वाळा होता. वाचकांची विरोधी पत्रे आली, तरीही त्यांनी पुन्हा लिहून तेच मत मांडले. ‘न्यूजवीक’च्या जोसेफ मॉर्गनस्टर्न यांनी आपले प्रतिकूल परीक्षण आठवड्याभरात मागे घेतले, ऑक्टोबरमध्ये पॉलिन केल यांनी ‘न्यू यॉर्कर’मध्ये चित्रपटाची प्रदीर्घ पाठराखण केली, आणि ‘शिकागो सन-टाइम्स’मध्ये नुकतेच रुजू झालेले पंचविशीतले रॉजर एबर्ट यांनी तो अमेरिकी चित्रपटातील मैलाचा दगड ठरवला. हसत असतानाच प्रेक्षकाला हिंसेचा धक्का बसावा ही दिग्दर्शक आर्थर पेन यांची योजना होती, आणि विनोद व क्रौर्य यांची सरमिसळ म्हणजे बेजबाबदारपणा असे मानणाऱ्या क्राउदर यांना ती दिसणे कठीण होते. तरीही व्हिएतनाममध्ये युद्ध पेटलेले असताना मनोरंजनातील रक्तपाताने प्रेक्षकाचे काय होते, हा त्यांचा प्रश्न गैरलागू नव्हता. चुकीच्या चित्रपटापुढे तो विचारला गेला, एवढेच.

या चित्रपटाला ऑस्करची दहा नामांकने आणि दोन पारितोषिके मिळाली. तोवर क्राउदर यांचे पद गेले होते. १९६८ च्या आरंभी त्यांच्या जागी आलेल्या रेनाटा ॲडलर वर्षभराहून थोडाच अधिक काळ तेथे टिकल्या, आणि क्राउदर स्वतः कोलंबिया पिक्चर्स या चित्रसंस्थेचे सल्लागार झाले.