फासाआधीची वर्षे

हिंदी चित्रपटातला क्रांतिकारक तुरुंगात गेला, की पुढचे सारे प्रेक्षकाला ठाऊक असते. बेड्यांचा खणखणाट, उर्मट जेलर, कोठड्यांतून उठणारे गाणे आणि शेवटी फासाचा दोर. २००२ साली भगतसिंगांवर तीन हिंदी चित्रपट आले, त्यांतले दोन तर ७ जूनला, एकाच दिवशी. तिन्हींची वाट २३ मार्च १९३१ च्या त्या संध्याकाळकडेच जाते. यात नवल नाही. फाशी हा एक क्षण असतो आणि क्षण पकडणे कॅमेऱ्याला जमते. कैद म्हणजे मात्र काळ. न सरणाऱ्या दुपारी, मोजून मिळणारे अन्न, न आलेले पत्र, आणि उद्याही हेच, परवाही हेच. स्वातंत्र्यासाठी झालेल्या त्यागाचा फार मोठा भाग या काळात घडला, आणि आपल्या पडद्याने त्यालाच सर्वांत कमी जागा दिली, असे मला वाटते. त्यामुळे त्याग म्हणजे मरण, असे समीकरण आपल्या मनात घट्ट बसले. जिवंत राहून शिक्षा भोगणारी माणसे त्या समीकरणात मावली नाहीत.

तुरुंगात लढण्यासारखे काय असते, हे १९२९ च्या लाहोरमध्ये नीट दिसते. जूनच्या मध्यावर भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी अन्नत्याग सुरू केला. पुढच्या महिन्यात जतींद्रनाथ दास आणि इतर सहकारी त्यात उतरले. मागण्या ऐकायला साध्या होत्या: माणसाने खावे असे अन्न, वाचायला पुस्तके आणि वर्तमानपत्रे, सक्तमजुरीतून सुटका. पण या मागण्यांच्या मुळाशी एकच प्रश्न होता. आम्ही चोर-दरोडेखोर की राजबंदी? सरकारला हे उत्तर देणे परवडणारे नव्हते, कारण ‘राजबंदी’ हा शब्द मान्य करणे म्हणजे समोरचा माणूस गुन्ह्यासाठी नव्हे, मतासाठी आत आहे असे कबूल करणे. म्हणून नाकातून नळी घालून दूध पाजण्याचा मार्ग निवडला गेला. त्या झटापटीत दूध दासांच्या फुफ्फुसात गेले आणि ६३ व्या दिवशी, १३ सप्टेंबरला, ते गेले. मध्यवर्ती कायदेमंडळात त्याच दिवसांत जिनांनी या कैद्यांची बाजू मांडली. पुढच्या वर्षी कैद्यांचे अ, ब आणि क वर्ग आले, पण ते बहुतांशी माणसाच्या राहणीमानावर बेतलेले. ‘राजबंदी’ हा शब्द सरकारने शेवटपर्यंत गिळला नाही.

हे सारे पडद्यावर आलेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. राजकुमार संतोषी यांच्या ‘द लेजंड ऑफ भगतसिंग’मध्ये उपोषणाला चांगली जागा आहे, दासांचा मृत्यू मन लावून दाखवला आहे आणि अजय देवगण यांना त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. माझी तक्रार वेगळी आहे. तिथे उपोषण फाशीकडे नेणाऱ्या जिन्याची एक पायरी होते. भूक वाढते तसे संगीत वाढते, भाषणे धारदार होतात आणि कैद्याचे शरीर झिजत असले तरी त्याचा आवाज झिजत नाही. ६३ दिवस म्हणजे किती, हे प्रेक्षकाला आकडा म्हणून कळते. अंगावर येत नाही.

ते अंगावर कसे येते, हे पाहायचे तर ‘हंगर’ हा २००८ चा चित्रपट पाहावा. स्टीव्ह मॅक्वीन यांचा हा पहिला चित्रपट, आणि त्याला कान महोत्सवात पदार्पणाचा ‘कॅमेरा दोर’ मिळाला. विषय उत्तर आयर्लंडच्या मेझ तुरुंगाचा. १ मार्च १९७६ पासून ब्रिटिश सरकारने तिथल्या नव्या कैद्यांना मिळणारा, राजबंद्यासारखा विशेष दर्जा बंद केला आणि कैद्याचा गणवेश सक्तीचा केला. कैद्यांनी तो घालायचे नाकारले आणि वर्षानुवर्षे अंगावर नुसती घोंगडी घेऊन काढली. पुढे आंघोळ सोडली, कोठडीच्या भिंती विष्ठेने माखल्या. शेवटी १९८१ साली त्यांच्यातल्या बॉबी सँड्स यांनी अन्न सोडले. उपोषण चालू असताना ते ब्रिटिश संसदेवर निवडून आले आणि ६६ व्या दिवशी, ५ मे रोजी, वयाच्या २७ व्या वर्षी वारले. त्यांच्यामागून आणखी नऊ जण गेले. लाहोरशी हे धागे किती जवळचे आहेत! कॉर्कचे महापौर टेरेन्स मॅकस्विनी १९२० साली ब्रिटिश कैदेत ७४ दिवसांच्या उपोषणाने वारले होते. जतींद्रनाथ दास गेले तेव्हा त्याच मॅकस्विनींच्या घरून सांत्वनाची तार आली होती.

मॅक्वीन हे सगळे जवळजवळ शब्दांवाचून सांगतात. सँड्स बऱ्याच वेळाने पडद्यावर येतात. तोवर आपण घाण, थंडी आणि मार यांत राहू लागलेलो असतो. कोठड्यांच्या दारांखालून मूत्र वाहत बाहेर येते आणि एक सफाई कामगार लांबलचक बोळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुसत येतो. कॅमेरा हलत नाही, दृश्य मध्येच तुटत नाही. त्या दोन-तीन मिनिटांत तुरुंगातल्या दिवसाची लांबी कळते. मग अचानक माणसे बोलू लागतात: सँड्स आणि एक धर्मगुरू समोरासमोर बसतात आणि सतरा मिनिटांहून अधिक काळ कॅमेरा एकाच जागी उभा राहून त्यांचा वाद ऐकतो. मरण हा निषेध की आत्मघात? मागे राहणाऱ्या मुलाचे काय? धर्मगुरू दुबळा दाखवलेला नाही, त्याचे मुद्दे खोडून काढता येत नाहीत. मायकल फासबेंडर या नटाने भूमिकेसाठी किती वजन उतरवले याची चर्चा खूप झाली. मला त्या कृश देहापेक्षा हे संभाषण मोठे वाटते, कारण त्यागाला इथे प्रश्न विचारला जातो.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. सँड्स ज्या संघटनेचे होते तिने निरपराध माणसे मारली. मग अशा माणसाच्या यातना इतक्या जवळून दाखवणे म्हणजे त्याला हुतात्मा करणे नव्हे काय? आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. पण चित्रपट सुरू होतो तो एका वॉर्डरच्या हातांपासून. मारहाणीने सोललेल्या बोटांची पेरे तो पाण्यात बुडवतो, नाश्ता करतो, गाडीखाली वाकून बाँब नाही ना पाहतो. हाच माणूस पुढे वृद्धाश्रमात आईला भेटायला गेला असता तिच्यासमोर गोळी घालून मारला जातो. प्रेक्षकाने कुणाच्या बाजूने उभे राहावे हे चित्रपट सांगत नाही. कैद दोन्ही बाजूंच्या माणसांचे काय करते ते दाखवतो. पूजेसाठी मूर्ती हवी असेल तर वॉर्डरची ती बोटे कापून टाकावी लागतील.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. सामान्य प्रेक्षक तिकीट काढून येतो, त्याला रेंगाळणारा काळ दाखवून कसे चालेल? याचे उत्तर रोबेर ब्रेसाँ यांनी १९५६ सालीच दिले. ‘ए मॅन एस्केप्ड’ या त्यांच्या फ्रेंच चित्रपटाला आधार होता तो आंद्रे दव्हिन्यी यांच्या सुटकेचा; १९४३ साली ते लिआँमधल्या जर्मनांच्या ताब्यातल्या माँल्युक तुरुंगातून निसटले होते. पडद्यावर बराच वेळ दिसते ते एवढेच: चमचा घासून त्याची पटाशी करणे, तिने दाराच्या फळ्या सैल करणे, पडलेला भुसा लपवणे, चादरी फाडून दोर वळणे. आणि प्रेक्षक श्वास रोखून बसतो. २०१८ च्या ‘ए ट्वेल्व्ह-इयर नाइट’मध्ये तर पळून जाण्याचीही आशा नाही. उरुग्वेच्या लष्करशाहीने होसे मुहिका आणि त्यांच्या दोन साथीदारांना १९७३ ते १९८५ या काळात एका छावणीतून दुसरीत हलवत एकान्तात ठेवले. त्यातले दोघे भिंतीवर टकटक करून एकेक अक्षर जुळवत बोलतात. बारा वर्षांतले हे एक ‘संभाषण’ पाहताना कुठल्याही पाठलागापेक्षा अधिक ताण येतो. मुहिका पुढे देशाचे अध्यक्ष झाले. चित्रपट त्या विजयाआधीच, सुटकेपाशी थांबतो.

आपल्याकडे अशा चित्रपटासाठी सामग्री कमी नाही. अंदमानच्या सेल्युलर जेलचे सात फाटे असे बांधले होते, की एका कोठडीचे तोंड दुसऱ्या फाट्याच्या पाठीकडे यावे; कैद्याला कैदी दिसूच नये. प्रियदर्शन यांच्या १९९६ च्या ‘कालापानी’ने तिथला छळ आणि कोलू दाखवला, पण ती न दिसण्याची शिक्षा कुणी दाखवलेली मला आठवत नाही. ती भोगलेल्यांपैकी एक बटुकेश्वर दत्त. भगतसिंगांबरोबर बाँब टाकणारे, त्यांच्याबरोबर अन्न सोडणारे. फाशी झाली नाही म्हणून जन्मठेप घेऊन अंदमानला गेलेले. १९३८ साली सुटले, ‘छोडो भारत’ चळवळीत पुन्हा आत गेले, स्वातंत्र्यानंतर पाटण्यात ओढगस्तीत राहिले. मनोज कुमार यांचा ‘शहीद’ झळकला त्याच वर्षी, २० जुलै १९६५ रोजी, ते दिल्लीच्या रुग्णालयात वारले. त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले ते हुसैनीवालाला, भगतसिंग, सुखदेव आणि खेडच्या राजगुरूंच्या शेजारी. त्या तिघांच्या आणि त्यांच्या मरणामध्ये चौतीस वर्षे होती.