खिडकी गळते म्हणून हवा बंद करू नका

पावसाळ्यात घरभेटीला गेलो की आम्ही आधी खिडकीकडे बघतो. कुठे ती प्लास्टिकने बंद केलेली असते, कुठे वाढदिवसाच्या शुभेच्छांचा जुना फ्लेक्स चारी बाजूंनी खिळे मारून ठोकलेला असतो. भर दुपारी आत ट्यूबलाइट लावलेली, भिंतीला कुबट वास, दोरीवर न वाळलेले कपडे आणि एका खोलीत पाच-सहा माणसे.

काही वर्षांपूर्वी अशाच एका घरात आम्ही टीबीच्या रुग्णाला भेटायला गेलो होतो. सून आजारी होती, औषधे नुकतीच सुरू झाली होती, घरात दोन लहान मुले. आम्ही नेहमीचा सल्ला दिला, "खिडकी उघडी ठेवा, हवा खेळती राहू द्या." सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "सिस्टर, खिडकी उघडली की हिचंच अंथरूण भिजतं. आता तुम्हीच सांगा, हिला पावसात झोपवू का?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. नर्सिंग शिकताना खेळत्या हवेचे महत्त्व आम्ही पाठ केले होते. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी 1859 साली लिहिलेल्या पुस्तकात शुश्रूषेचा पहिला नियम हाच सांगितला आहे, की रुग्णाच्या खोलीतली हवा बाहेरच्या हवेसारखी स्वच्छ ठेवा, पण त्याला गारठू देऊ नका. आम्ही नियमाचा पहिला अर्धा भाग सांगत होतो आणि दुसरा विसरत होतो. त्या दिवसापासून "खिडकी उघडा" म्हणण्याआधी ती गळते का, हे आम्ही विचारू लागलो. वस्तीतल्या गवंडी, सुतार आणि वेल्डर भावांकडून जे शिकलो, ते इथे सांगत आहोत.

ओल आणि कोंडलेली हवा

मुंबईत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. गळक्या खिडकीतून रोज थोडे पाणी आले तरी भिंत ते शोषत राहते. ओल्या भिंतीवर बुरशी धरते. बुरशीचे बारीक कण श्वासात गेले की दम्याच्या माणसाला धाप लागते, लहान मुलांची छाती घरघरते, सर्दी-खोकला हटत नाही. ओलसर घरांत दम्याचा आणि श्वसनाचा त्रास जास्त आढळतो, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही 2009 साली सांगितले आहे.

पण ओल टाळायला खिडकी गच्च बंद केली, तर दुसरे संकट येते. टीबीचे जंतू रुग्णाच्या खोकल्यातून हवेत येतात आणि बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. हवा बदलत राहिली की ते विरळ होतात. टीबी भांड्यांतून किंवा कपड्यांतून पसरत नाही, तो हवेतून पसरतो. म्हणून रुग्णाचे ताट वेगळे ठेवण्यात अर्थ नाही, खिडकी नीट करण्यात आहे. पाणी बाहेर राहावे आणि हवा आत यावी, दुरुस्ती अशी करायची.

आधी पाणी कुठून येते ते शोधा

डाग जिथे दिसतो तिथूनच पाणी येते असे नाही. एखादा कोरडा दिवस बघा. एकाने आत बॅटरी घेऊन उभे राहावे, दुसऱ्याने बाहेरून मगाने हळूहळू पाणी ओतावे. सुरुवात खालून करावी: आधी खिडकीचा कट्टा, मग चौकटीच्या बाजू, मग वरची कड, शेवटी छज्जा. प्रत्येक जागी पाच मिनिटे थांबा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळते आणि फट कोणती ते कळत नाही. जिथे पाणी आत दिसेल तिथे खडूने खूण करा. वरच्या मजल्यावर हे करायला छज्ज्यावर उतरू नका. आतून हात पुरेल तेवढेच करा, बाकी काम कारागिराला द्या.

कट्टा आणि छज्जा

खिडकीच्या खालच्या कट्ट्याचा उतार आतल्या बाजूला असेल, तर पाणी घरातच येणार. सैल झालेले प्लास्टर छिन्नीने काढा, धूळ धुऊन टाका. एक भाग सिमेंट आणि तीन भाग बारीक वाळू कालवून त्यात वॉटरप्रूफिंगचे रसायन पाकिटावरच्या मापाने घाला आणि थापीने बाहेरच्या बाजूला उतार काढा. आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा बोटभर उंच हवी. नंतर सात दिवस त्यावर पाणी मारा, नाहीतर तडे जातात. हे काम मे महिन्यातच उरकावे.

छज्ज्याच्या खालच्या बाजूला, कडेजवळ, एक बारीक खाच असते. छज्ज्याच्या कडेवरून आलेले पाणी त्या खाचेपाशी तुटून खाली पडते. खाच नसेल किंवा रंगाने बुजली असेल, तर पाणी छज्ज्याच्या पोटाखालून सरकत थेट खिडकीवर येते. गवंड्याला ती खाच मोकळी करायला सांगा. अर्ध्या तासाचे काम असते, पण त्याने पुष्कळ गळती थांबते.

चौकट आणि भिंत यांमधली फट

बोटभर फट असेल तर ती सिमेंट-वाळूने भरा. केसाएवढ्या फटीला सिलिकॉन चालते. सिलिकॉन कोरड्या, स्वच्छ जागेवरच चिकटते. ओल्या भिंतीवर लावले तर आठवड्यात सोलून येते आणि पैसे वाया जातात. दुकानात विचारून घ्या: व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकॉन काचेसाठी ठीक आहे, पण सिमेंट आणि लोखंडासाठी ‘न्यूट्रल’ लिहिलेले घ्यावे. लावल्यावर एक दिवस पाणी लागू देऊ नका.

लोखंडी, लाकडी आणि सरकती खिडकी

लोखंड गंजले की फुगते आणि भोवतीचे प्लास्टर फोडते. तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने गंज खरवडा, पुसून कोरडे करा, रेड ऑक्साइड प्रायमरचा एक हात आणि ऑइल पेंटचे दोन हात द्या. गंज न काढता वरून रंग दिला तर आत गंज वाढतच राहतो. लहान भोक असेल तर एम-सीलसारख्या दोन गोळ्या सारख्या प्रमाणात मळून भरा. पट्टीच खाऊन गेली असेल तर वेल्डरला बोलवा.

लाकडी पल्ला पावसात फुगतो आणि लागत नाही. लगेच रंधा मारायला लावू नका. हिवाळ्यात तोच पल्ला आक्रसतो आणि मोठी फट पडते. आधी बिजागऱ्यांचे स्क्रू घट्ट करा. उन्हाळ्यात लाकूड वाळल्यावर पल्ल्याची खालची कड नक्की रंगवा. ती कड दिसत नाही म्हणून राहून जाते आणि पाणी तिथूनच चढते. काच हलत असेल तर जुनी लांबी काढून नवी भरा.

अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीत पाणी साचत असेल, तर खालच्या पट्टीतला कचरा काढा. त्या पट्टीला बाहेरच्या बाजूला बारीक भोके असतात. ती पाणी जाण्यासाठीच ठेवलेली असतात. अनेक घरांत गळती थांबवायची म्हणून नेमकी तीच सिलिकॉनने बुजवलेली दिसतात. मग पट्टी भरते आणि पाणी घरात सांडते. जुना टूथब्रश आणि काडी घेऊन भोके मोकळी करा. काचेभोवतीचे रबर कडक झाले असेल तर ते मीटरवर विकत मिळते.

पाऊस सुरू झाला असेल तर

सिमेंटची वेळ गेली असली तरी एक उपाय हातात आहे. फ्लेक्स किंवा ताडपत्री खिडकीवर सपाट ठोकू नका. वरची कड खिडकीच्या वर भिंतीला पक्की करा, खालच्या कडेत बांबू किंवा पाइप ओवा आणि ती कड भिंतीपासून हातभर पुढे ताणून बांधा. असा उतरता पडदा झाला की पाणी पुढे पडते आणि हवा बाजूंनी व खालून आत येते. ताडपत्रीला झोळ पडू देऊ नका. झोळात साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात. खिडकीला डासांची जाळी लावा आणि ती महिन्यातून एकदा धुवा, कारण धूळ बसली की जाळीतून हवा येत नाही.

त्या सासूबाईंच्या घरी वेल्डिंगचे काम करणाऱ्या शेजाऱ्याने असाच उतरता पडदा बांधून दिला. सुनेचे अंथरूण खिडकीशी आणले. टेबल फॅन असा ठेवला की हवा तिच्याकडून खिडकीबाहेर जाईल, मुलांच्या अंगावर येणार नाही. तिने औषधाचा एकही दिवस चुकवला नाही. पुढच्या उन्हाळ्यात कट्ट्याचे कामही झाले.

घराला एकच खिडकी असेल, तर समोरच्या भिंतीत छपराजवळ एक छोटा झरोका काढून घ्या. गरम हवा वर चढते आणि तिथून निघून जाते. झरोक्याला बाहेर उतरत्या पट्ट्या लावल्या की पाऊस आत येत नाही.

काम करताना स्वतःला जपा

बुरशी आधी साबणाच्या पाण्याने घासून काढा, भिंत वाळू द्या, मगच रंग लावा. तोंडाला मास्क बांधा. दम्याच्या माणसाने हे काम करू नये. ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचच्या पाण्यात अॅसिड, संडास साफ करायचे औषध कधीही मिसळू नका. त्यातून निघणारा वायू फुप्फुस जाळतो.

जुना रंग कोरडा खरवडू नका, पाणी शिंपडून खरवडा. जुन्या रंगांत शिसे असू शकते. घरगुती रंगांतल्या शिशाला 90 पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली, त्याआधीचा रंग तुमच्या खिडकीवर असू शकतो. शिशाचा परिणाम मुलांच्या मेंदूवर होतो, म्हणून मुले आणि गरोदर बायका त्या वेळी घरात नकोत. नंतर फरशी ओल्या फडक्याने पुसा.

छज्जा करायला सिमेंटचा जुना पत्रा कापू नका. त्यात अॅस्बेस्टॉस असते. कापताना उडणारी धूळ फुप्फुसात बसते आणि वर्षानुवर्षांनी कर्करोग होऊ शकतो. लोखंडी पत्रा वापरा. आणि खिडकीजवळची ओल स्विचबोर्डापर्यंत आली असेल, तर कामाला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा.

एकट्याचे काम नाही

भाड्याचे घर असेल तर मालकाशी उन्हाळ्यातच बोला. इमारतीत बाहेरची भिंत गळत असेल तर ते काम सोसायटीचे आहे. तोंडी सांगून थांबू नका. फोटो जोडून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. घरात टीबीचा किंवा दम्याचा रुग्ण असेल तर अर्जात तसे लिहा, मात्र रुग्णाची परवानगी घेऊनच.

प्रत्येक घराने थापी, तारेचा ब्रश, सिलिकॉनची गन विकत घ्यायची गरज नाही. विहारात एक सामाईक पेटी ठेवता येते. वर्षावास आषाढात सुरू होतो, पण तोवर पाऊस आलेला असतो. म्हणून बुद्धपौर्णिमेनंतरचा एखादा रविवार वस्तीतल्या खिडक्यांसाठी ठरवा. आपल्याच वस्तीत गवंडी आहेत, रंगारी आहेत, वेल्डर आहेत. म्हाताऱ्या आणि एकट्या बाईचे घर आधी घ्या.

शेवटी, दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर खिडकीची दुरुस्ती होईपर्यंत थांबू नका. जवळच्या सरकारी दवाखान्यात थुंकी तपासा. तपासणी आणि औषधे मोफत आहेत. उपचार चालू असेपर्यंत सकस आहारासाठी निक्षय पोषण योजनेतून महिन्याला 1000 रुपये मिळतात. नोव्हेंबर 2024 पूर्वी ही रक्कम 500 होती. त्यासाठी बँक खात्याची माहिती दवाखान्यात द्यावी लागते. ती दिली आहे का, हे घरातल्या रुग्णाला आजच विचारा.